आग्नेलचा खोकला

आग्नेलचा खोकला थांबला आणि जेसिंताचं नाव वाडीभर झालं.

उन्हाळ्यापासून तो खोकत होता. खोकला कोरडा, घसा खरवडून काढणारा; ना कफ, ना ताप. जेवताना खोकायचा, रविवारी चर्चात मिस्सेला उपदेश चालू असताना खोकायचा, आणि सगळं चर्च मान वळवून बघायचं. जेसिंताने आपल्या परीने काही म्हणता काही शिल्लक ठेवलं नाही. अडुळशाची पानं वाफवून त्यांचा रस मधातून दिला. ज्येष्ठमधाची काडी चघळायला लावली. सुंठ-मिरीचा काढा केला, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकली. पाऊस आला, भात पोटरीला आलं, तरी खोकला जागचा हलला नाही. मग गणपती होऊन गेल्यावर तिने काढ्याची रीत बदलली. अडुळशाबरोबर बेहड्याची साल आणि तुळस टाकली, पाणी निम्म्याहून कमी होईपर्यंत आटवलं, आणि बघता बघता खोकला गेला. गेला तो गेलाच.

"जेसिंता, तुज्या हाताक गूण आसा गो," शेजारची भक्ती म्हणाली आणि सासूसाठी बाटलीभर काढा घेऊन गेली. मागोमाग आणखी दोघी-तिघी आल्या. परसातल्या अडुळशाचे शेंडे खुडून खुडून झाड बोडकं दिसायला लागलं.

जेसिंताला आनंद झाला नाही असं नाही. आईकडून शिकलेली ही विद्या तिने आयुष्यभर जपली होती. पोरं लहान असताना त्यांना डॉक्टरकडे न्यायची वेळ क्वचित आली. "माज्या घरात मसाल्याचो डबो तोच औषधाचो डबो," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगायची. पण यावेळी त्या कौतुकात तिचं मन रमेना. आई सांगायची, अडुळसा कफ सोडवतो. जिथे कफच नव्हता तिथे त्याने सोडवलं काय? बेहड्याने गेला म्हणावं, तर बेहडा तिने मागेही एकदा देऊन पाहिला होता. खोकला गेला हे खरं. का गेला, ते तिला कळत नव्हतं आणि ते न कळणं पायात मोडलेल्या काट्यासारखं चालता-फिरता टोचत होतं.

त्यात आग्नेलचं वागणं. तो आयुष्यभर जहाजावर इंजिनात काम केलेला माणूस. शांत, वेळेचा पक्का, हातात घेतलेलं काम निगुतीने करणारा. हल्ली मात्र नारळ सोलताना मध्येच थांबायचा आणि मान मागून दाबत बसायचा. चेहरा तांबूस दिसायचा. मांजर पायात आलं म्हणून त्याने एकदा तांब्या फेकला. सकाळी उठला की डोकं दुखतं म्हणायचा, आणि जेसिंता सुंठ उगाळून कपाळाला लेप लावायची.

"गोळी घेतलंस मां?" ती विचारायची. दोन वर्षांपूर्वी कुडाळच्या डॉक्टरांनी त्याला बीपीची गोळी लावून दिली होती.

"घेतलंय गो. कितीवेळा इचारतंस?"

दोघं एकाच वाडीत लहानाची मोठी झालेली. ती त्याला अरे-तुरे करायची, आणि तो खोटं बोलला तर ते तिला लगेच कळतं असा तिचा समज होता. म्हणून क्रुसाखालचा खण उघडून गोळ्या बघाव्यात असं तिच्या मनात आलं तरी तिने हात मागे घेतला. एवढ्या वर्षांच्या माणसाची झडती काय घ्यायची?

तिने आपल्या हातातलं होतं ते केलं. मीठ आणखी कमी केलं. खारा बांगडा, सुकट, पापड गोळी लागली तेव्हाच घरातून हद्दपार झाले होते. तेव्हापासून सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी नाचणीची भाकरी आणि शेगलाच्या, म्हणजे शेवग्याच्या, पाल्याची भाजी, संध्याकाळी कुळथाचं कळण. आग्नेल पेजेत बोट बुडवून बघायचा आणि म्हणायचा, "ह्यापेक्षा जहाजार बरा जेवण होता." पण ताट पुसून खायचा. खोकला गेला तरी काढ्याची बाटलीही हल्ली भराभर संपत होती. बरं आहे, आवडीने पितोय, असं जेसिंताला वाटलं.

अशा एका सकाळी कुळीथ भाजून, भरडून, पाखडून ती डबा घेऊन गुरुदासच्या चक्कीवर निघाली. पिठीचं पीठ संपलं होतं. गुरुदासची चक्की म्हणजे वाडीचा चव्हाटा. दळण टाकून माणसं बाकावर बसायची, आणि आग्नेल तर दळण नसतानाही रोज तासभर तिथे असायचा. वळणावरूनच पट्ट्याचा आवाज ऐकू यायचा. त्या दिवशी आला नाही.

चक्कीच्या दाराला कडी होती. मागे गुरुदासच्या घराच्या अंगणात माणसं गोळा झाली होती. चौघांनी गुरुदासला खुर्चीसकट उचललं होतं, आणि त्याचा मुलगा विनीत गाडीचं दार उघडून उभा होता. गुरुदासचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. उजवा हात खुर्चीच्या बाहेर लोंबत होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. तो काहीतरी बोलत होता, पण शब्द तोंडातच चिखलासारखे कालवले जात होते.

जेसिंता पुढे धावली. गुरुदासची बायको जानकी गाडीत चढत होती. जेसिंताला बघून ती थांबली.

"ह्यांनी बीपीच्यो गोळये बंद केल्यानी," जानकी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो सगळ्यांना ऐकू गेला. "तुज्या घोवान सांगल्यान ह्यांका. बायलेचो काडो घे आणि गोळये भायर फेक. तुज्या घरातली बाटली आसा माज्या फडताळात. जा, घेऊन जा ती."

"जानकी, माका काय एक ठावक नाय गो..."

गाडीचं दार लागलं. अंगणातली माणसं जेसिंताकडे बघत होती आणि बघत नसल्यासारखं दाखवत होती. ती कुळथाचा डबा कडेवरच्या पोरासारखा धरून तिथेच उभी राहिली. मग वळली. घरापर्यंतचा रस्ता तिने कसा कापला ते तिला आठवत नव्हतं. एक मात्र आठवत होतं. जानकीच्या एका वाक्यात सगळं उलगडलं होतं. डोक्याचं दुखणं, मान, तांब्या, भराभर संपणारी बाटली. कोडं घालणारा माणूस तिच्याच घरात पेज पीत बसला होता.

आग्नेल पडवीत सुंभ वळत होता.

"गुरुदास पडलो," जेसिंता म्हणाली. "आंग गेला तेचा. कुडाळाक न्हेलो."

सुंभ हातातच राहिलं. "कसो पडलो?"

"ता तू सांग. माज्याकडे बघ आग्नेल. तुज्यो गोळये खंय आसत?"

"आसत खणात."

"तू घेतंस?"

जेसिंता आत गेली, खण ओढला, आणि गोळ्यांची पाकिटं आणून त्याच्यासमोर टाकली. एकही फोडलेलं नव्हतं.

"मीठ नाय, खारो बांगडो नाय," तो शेवटी म्हणाला, नजर जमिनीवर. "रोज शेगलाचो पालो, रोज कुळथाचा कळण. येवढा सगळा जीव मारून खातंय, मगे परत ती गोळी कित्याक? असा माका वाटला. मगे खोकलो पण तुज्या काड्यान गेलो. म्हटलंय, काडो खोकल्याक भारी पडता, तर बीपीचा काय येवढा!"

"आणि गुरुदासाक कित्याक सांगलंस?"

"तेणां इचारल्यान."

"बाटली?"

"मीच दिलंय." आणि मग एकदम, लहान मुलासारखा रागावून, "मी काय वायट केलंय? तुजाच नाव केलंय मां चार माणसांत!"

जेसिंताला त्याच्यावर ओरडायचं होतं. ओठांवर शब्द आले, पण त्याआधी तिच्या कानात तिचंच वाक्य वाजलं. मसाल्याचा डबा तोच औषधाचा डबा. हे तो चक्कीवर आपल्या पदरचं बोलला नव्हता. वर्षानुवर्षं ऐकलेलं बोलला होता.

"उठ," ती म्हणाली. "कुडाळाक जावया. डॉक्टराक दाखव."

"माका काय झालेला नाय."

"आग्नेल!"

"नाय म्हटलंय मां! मी बरो आसंय!" त्याचा चेहरा तांबडा झाला, कपाळावरची शीर उठून दिसली. त्या शिरेकडे बघून जेसिंताने तोंड मिटलं. भांडण वाढवायची सोयच राहिली नव्हती. एरवी ती त्याला दोन शब्द ऐकवून मोकळी झाली असती. आता एकेक शब्द फुटक्या हंडीसारखा जपून उचलायला हवा होता. तो घाबरलाय, हे तिला दिसत होतं.

ती चुलीपाशी गेली, पेजेचं पातेलं उतरवलं, परत चढवलं. अडुळशाचा डहाळा ओट्यावर होता, तो उचलून बाहेर ठेवला, परत आत आणला. कुठे टेकवेना. दर दोन मिनिटांनी ती दारातून डोकावून तो नीट बसलाय ना, तोंड सरळ आहे ना, हे बघत होती.

"गुरुदासाक तरी बघूक येतलंस?" तिने अखेर विचारलं.

यावर मात्र आग्नेल उठला आणि सदरा घालायला आत गेला.

कुडाळची गाडी भरलेली होती. तिने त्याला खिडकीशी बसवलं आणि स्वतः उभी राहिली. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला ती त्याच्या तोंडाकडे बघे. एकदा त्याने डोळे मिटले तर तिने खांदा गदागदा हलवला. "न्हिदलंय नाय गो," तो पुटपुटला. पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली.

रुग्णालयात गुरुदासच्या खोलीबाहेर जानकी बाकावर बसली होती. तिने या दोघांना बघितलं आणि तोंड फिरवलं. जेसिंता तिच्याशेजारी बसायचं धाडस करू शकली नाही, भिंतीला टेकून उभी राहिली. विनीतने आग्नेलला आत नेलं. दार अर्धं उघडं होतं.

गुरुदासने आग्नेलला ओळखलं. डावा हात वर आला. तोंडाचा एक कोपरा हसला, दुसरा तसाच राहिला.

"आग्ने..." तो म्हणाला. पुढचं जुळवायला त्याला वेळ लागला. "तुका... बरा... मां?"

बस, एवढंच. रागाचा एक शब्द नाही. बहुधा त्याला खरोखरच काळजी होती. दोघंही तोच काढा पीत होते ना.

आग्नेल बाहेर आला तो कुणाकडे न बघता जिन्यापर्यंत गेला आणि पायरीवर बसला. दोन्ही हातांनी मान मागून धरून ठेवली. जेसिंता त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली, तेव्हा तो म्हणाला, "खंयच्या डॉक्टराक दाखवूचा, दाखव."

खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, काही न बोलता पुन्हा पंप दाबला, परत बघितला.

"गोळ्या कोणी बंद करायला सांगितल्या?"

जेसिंता शुद्ध मराठीत, शाळेत उत्तर द्यावं तशी म्हणाली, "कोणी नाही. घरात काढा होता, खोकल्याचा. त्याने खोकला गेला, म्हणून यांना वाटलं..."

"खोकला कसला? कोरडा?"

"हो. उन्हाळ्यापासून होता."

डॉक्टरीणबाईंनी जेसिंताने सोबत आणलेल्या पाकिटावरचं नाव वाचलं. "उन्हाळ्यात गोळी बदलली होती का?"

आग्नेलने मान डोलावली. जुनी मिळेनाशी झाली, तेव्हा डॉक्टरांनी ही लिहून दिली होती.

"या गोळीने काही जणांना असा खोकला येतो. यायचं ना दाखवायला, मी दुसरी दिली असती. गोळी थांबली म्हणून खोकला थांबला."

जेसिंताला कान गरम झाल्यासारखं वाटलं. "म्हणजे... अडुळशाने नाही?"

"अडुळसा वाईट नाही हो, मावशी. पण हा खोकला त्याने जाणारा नव्हताच. आणि जेवणात मीठ कमी, पालेभाजी, ते सगळं चालू ठेवा. त्याची मदत होते. फक्त गोळीच्या ऐवजी म्हणून नको."

त्यांनी आग्नेलला लगेच दुसरी गोळी दिली आणि संध्याकाळपर्यंत तिथेच पडून राहायला लावलं. जेसिंता स्टुलावर बसली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आली ती शरम. आणि शरमेच्या खाली, विचित्र वाटेल, पण एक सुटका. काटा निघाला होता. ज्या औषधाने तिचं नाव झालं होतं, त्याने काहीच केलं नव्हतं. वाडीभरातल्या बायका ज्या बाटल्या घेऊन गेल्या होत्या, त्या तिला एकेक करून आठवल्या आणि ती परत उठून येरझाऱ्या घालू लागली. भक्तीच्या सासूला साखर होती. तिनेही काही बंद केलं असेल तर?

दुसऱ्या दिवशी सकाळी आग्नेलने नवी गोळी तिच्यासमोर गिळली, पाण्याचा पेला पालथा करून दाखवला, आणि मग मिस्सेचा पांढरा सदरा घातला. त्या दिवशी ना रविवार होता ना सण.

"खंय चललंस?"

"येतंय जरा."

तो कुठे गेला ते तिला दुपारी भक्तीने सांगितलं. ज्या ज्या घरात बाटली गेली होती त्या प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर तो उभा राहिला होता. आत बसायला बोलावलं तरी बसला नाही. "माजा आयकान कोणी काय करू नकात," एवढंच म्हणाला होता. "माका अक्कल नव्हती. गोळये घेवा. काडो खोकल्यापुरतो." भक्तीच्या सासूने साखरेची गोळी सोडलेली नव्हती, हेही कळलं. जेसिंताने तेवढ्यासाठी क्रुसासमोर मेणबत्ती लावली.

गुरुदासला घरी आणलं तेव्हा उजवा हात आणि पाय अजून जड होते. जेसिंताने पहिल्याच दिवशी पेज पाठवली. डबा तसाच परत आला, झाकणसुद्धा उघडलेलं नाही. ती समजून चुकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवली. परत आली. तिसऱ्यांदा विनीत स्वतः आला आणि अवघडून म्हणाला, "काकी, आयेक राग आसा ता येगळा. पण पातळ पेजेन बाबांका ठसको लागता. डॉक्टरांनी दाट देवक सांगल्यानी."

हे मात्र जेसिंताला कळण्यासारखं होतं. तिने नाचणी भिजवली, मोड आणले, सत्त्व काढलं आणि चमच्यावर थबकून राहील इतकी दाट आंबील शिजवली. शेगलाचा पाला इतका बारीक वाटला की जिभेला तंतू लागू नये. भोपळा उकडून घोटला, त्यात जिऱ्याची पूड टाकली. मीठ चिमटीच्या टोकाएवढं. आजवर तिने काहीही रांधलं ते चांगलंच होणार या खात्रीने रांधलं होतं. ती खात्री आता उरली नव्हती. प्रत्येक चमचा ती आधी स्वतः गिळून बघत होती.

डबा रिकामा परत आला. घासलेला.

आग्नेल रोज सकाळी गोळी घेऊन गुरुदासकडे जायचा. फिजिओथेरपीवाल्याने शिकवलेला व्यायाम तो जहाजावरच्या शिस्तीने करून घ्यायचा. जानकी त्याच्याशी बोलत नव्हती, पण त्याला हाकलतही नव्हती. चक्की विनीत चालवायला लागला होता. पट्ट्याचा आवाज पूर्वीसारखा यायचा. बाकावर माणसं बसायची, पण औषधाचा विषय निघाला की एकमेकांकडे बघून विषय बदलायची. जेसिंताकडे पाला मागायला अजूनही कुणी कुणी यायचं. ती द्यायची, पण आधी इतके प्रश्न विचारायची, की गोळ्या कुठल्या चालू आहेत, डॉक्टरला दाखवलंय का, की लोक वैतागून म्हणायचे, "रवांदे गो, कुडाळाकच जातंय." तिला ते बरं वाटायचं आणि वाईटही वाटायचं.

नाताळ जवळ आला. एका सकाळी विनीत गावात नव्हता, म्हणून डबा घेऊन जेसिंता स्वतः गेली. त्या दिवसानंतर त्या अंगणात ती पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. परत फिरावं असं तिला दोनदा वाटलं. पडवीत गुरुदास खुर्चीत बसला होता, आग्नेल समोर उकिडवा. गुरुदासची बोटं मिटत होती, उघडत होती, अंगठा मात्र हट्टी होता.

जानकी दारात आली. डबा घ्यायला हात पुढे केला नाही.

"माजो राग जावक नाय हां अजून, जेसिंता."

"नको जावंदे," जेसिंता म्हणाली. "डबो तेवढो घे. गरम आसा."

जानकीने डबा घेतला, झाकण उघडलं, वास घेतला.

"उद्या जिरा जरा कमी घाल," ती म्हणाली. "तेंका घशाक लागता."

"बरा."

जानकी आत गेली. मागे पडवीत आग्नेलचा आवाज आला, "परत. आंगठो. परत एकदा," आणि जेसिंता काय करावं ते न सुचून, खांबाला धरून, गुरुदासच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिली.